शिळा, भाषा आणि रक्त

भामरागड-एटापल्लीच्या रानांत माडिया गोंड आजही मृताच्या स्मरणार्थ उभ्या शिळा रोवतात. चिमूर तालुक्यांतील हिरापुरास शिळांचीं प्राचीन स्मारकें आहेत. १९८२ पर्यंत हीं दोन्हीं ठिकाणें एकाच चंद्रपूर जिल्ह्यांत होतीं. हिरापूरच्या शिळा रचणारे आजच्या माडियांचे पूर्वज होत, असें म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु चाल एक असली म्हणून वंश एक ठरत नाहीं.

अमेरिकेंत असल्या प्रश्नाचें उत्तर हाडांनीं दिलें. मोंटाना प्रांतांत १९६८ सालीं एका बालकाचे अवशेष सांपडले; ते बारा हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचे. २०१४ सालीं त्यांतील डीएनए वाचला गेला, तेव्हां तें बालक आजच्या मूळ अमेरिकनांच्या पूर्वजांचें आप्त ठरलें, आणि युरोपांतून आलेल्या आद्य वसाहतकारांची कल्पना मागें पडली. त्याच वर्षीं त्या अस्थींचें पुन्हां दफन झालें.

आमच्या उष्ण व दमट हवेंत डीएनए फार काळ टिकत नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनीं राखीगढीस केलेल्या उत्खननांतील साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हां एकाच स्त्रीचा जनुकसंच हातीं लागला. तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. मग जिवंतांच्या रक्ताकडे वळणें आलें.

गोंडी ही द्राविड कुळांतील भाषा, तेलुगु-कन्नडांची नातलग. तेव्हां गोंडांचें रक्तही तिकडेच ओढ घेईल, अशी आपली सहज समजूत. २०१७ सालच्या एका अभ्यासांत निराळेंच निघालें: गोंडांच्या आनुवंशिक वारशाचा मोठा वांटा इतर द्राविडभाषी समाजांपेक्षां मुंडा भाषा बोलणाऱ्यांशीं जुळतो. एवढ्यावरून गोंडांनीं भाषा बदलली असें ठोकून देणें ही घाई होय. शतकानुशतकें शेजार आणि सोयरीक राहिली तरी हाच परिणाम दिसेल. कोणी मुंडा गोंडी बोलूं लागले कीं कोणी गोंड मुंडांत मिसळले, हें आजच्या रक्तावरून उलगडणें कठीण. त्यासाठीं जुनें हाडच हवें.

तीं हाडें विदर्भांत आहेत. नागपूरजवळ माहूरझरीस शां. भा. देव यांच्या उत्खननांत शिलावर्तुळांखालीं मानवी सांगाडे आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. त्यांत वाचण्याजोगें कांहीं उरलें असेल, तर हिरापूरच्या प्रश्नाला प्रथमच आधार मिळेल. भामरागडकडे वळायचें तर मात्र आधीं तेथल्या गांवांना विचारावें लागेल. मोंटानांतही स्थानिक जमातींना विचारावें लागलें, आणि तें बरेंच उशिरां.