पांतानालमधील वन्यजीव पर्यटन

पांतानाल हा दक्षिण अमेरिकेच्या मध्यभागी, पाराग्वाय नदीच्या वरच्या खोऱ्यात पसरलेला पाणथळ प्रदेश असून उष्ण कटिबंधातील पाणथळींमध्ये तो जगात सर्वांत मोठा मानला जातो. त्याचा बहुतांश भाग ब्राझीलच्या मातो ग्रोसो आणि मातो ग्रोसो दो सुल या राज्यांत आहे. उरलेला बोलिव्हिया व पाराग्वाय या देशांत मोडतो. पाणथळीची हद्द कोठवर धरावी याविषयी एकमत नसल्याने क्षेत्रफळाचे आकडे सुमारे १,४०,००० पासून १,९५,००० चौ. किमी पर्यंत दिले जातात. म्हणजे ढोबळमानाने महाराष्ट्राच्या निम्म्याएवढे. ॲमेझॉनच्या घनदाट अरण्यात प्राणी असूनही दिसत नाहीत. पांतानालमध्ये मोकळी गवताळ मैदाने, तळी आणि झाडांची बेटे असल्यामुळे ते डोळ्यांना दिसतात. याच कारणामुळे जॅग्वार, महाकाय पाणमांजर, कॅपिबारा व निळा मकाव पाहू इच्छिणारे प्रवासी, मग ते महागड्या निवासांत उतरणारे असोत वा पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात फिरणारे बॅकपॅकर असोत, येथे येतात.

नाव व भूरचना

‘पांतानाल’ हे नाव दलदल या अर्थाच्या ‘पांतानो’ या पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. मात्र हा प्रदेश बारमाही दलदल नव्हे. ते पुराचे मैदान आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साधारण ८० ते १५० मीटर असून उत्तरेकडून दक्षिणेकडे जमिनीचा उतार दर किलोमीटरला अवघा काही सेंटीमीटर भरतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात भोवतालच्या पठारावर व मैदानावर पाऊस पडतो, पण इतक्या सपाट भूमीवरून पाण्याला वाहून जाण्याची घाई नसते. उत्तरेकडील पुराचा फुगवटा दक्षिणेस पोहोचण्यास तीन ते चार महिने लागतात. परिणामी उत्तर भागात पाणी ओसरू लागते तेव्हा दक्षिणेत, पाऊस संपून गेल्यावर, कोरड्या आकाशाखाली पूर चढत असतो. भरपूर पावसाच्या वर्षी सुमारे ८० टक्के प्रदेश पाण्याखाली जातो.

सोळाव्या शतकात नदीमार्गे वर आलेल्या स्पॅनिश लोकांनी पूरकाळातील हे पाणी पाहून येथे एक विशाल सरोवर असल्याचा समज करून घेतला. ‘शारायेसचे सरोवर’ या नावाने ते पुढील दोन शतके युरोपीय नकाशांत दाखवले जात होते. कोरड्या ऋतूत आलेल्यास ते सापडत नसे.

जलपर्णी ही महाराष्ट्रातील नद्यांना जडलेली व्याधी मूळची दक्षिण अमेरिकेची आहे. मुळा-मुठा किंवा पंचगंगा झाकून टाकणारी ही वनस्पती पांतानालमध्ये ‘आग्वापे’ म्हणून ओळखली जाते. तेथे ती पुराबरोबर तरंगत्या बेटांच्या रूपाने वाहून जाते, पाणी ओसरले की वाळते, आणि कॅपिबाराच्या आहारातही तिचा समावेश असतो. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. तिला आवर घालणारे येथे कोणी नव्हते.

इतिहास

गुआतो हे होडीतून वावरणारे लोक, घोडेस्वारीसाठी ख्यातनाम झालेले ग्वायकुरू, बोरोरो आणि तेरेना हे या प्रदेशाचे जुने रहिवासी होत. १७१९ मध्ये कुयाबा परिसरात सोने सापडल्यानंतर पोर्तुगीज वसाहतवाले आले. सोने सरल्यावर गुरे राहिली. आजही पांतानालची सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची असून तीवर ‘फाझेंदा’ म्हणजे गुरांचे प्रचंड वाडे आहेत. त्यांतील पांढरी, वशिंडाची गुरे बहुतांशी ‘नेलोरे’ जातीची असतात. ही जात आंध्रातील ओंगोल गुरांपासून ब्राझीलमध्ये तयार झाली. भारतीय प्रवाशाला म्हणूनच ती ओळखीची वाटतात.

जॅग्वार हा येथे दीर्घकाळ पाहण्याचा नव्हे, मारण्याचा प्राणी होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३ च्या अखेरीस पाराग्वाय नदीमार्गे येथे आले, तेही शिकारीसाठी. ब्राझीलने १९६७ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आणली, तरी कातड्यांसाठी केमन या मगरवर्गीय प्राण्याची बेकायदा कत्तल १९८० च्या दशकापर्यंत चालूच होती. कातड्याच्या व्यापारावर निर्बंध कडक झाल्यानंतर केमनची संख्या सावरली. १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, १९८८ च्या ब्राझीलच्या राज्यघटनेत पांतानालला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान रामसर यादीत आले आणि २००० मध्ये सुमारे १,८७८ चौ. किमी क्षेत्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. एकूण पाणथळीच्या मानाने हे क्षेत्र अगदी थोडे आहे, हे ध्यानात घेतल्यास खासगी जमीनमालकांचे महत्त्व कळते.

प्रवासमार्ग

उत्तरेकडील प्रवेश कुयाबा शहरातून होतो. तेथून पोकोने गावी गेल्यावर ट्रान्सपांतानेइरा हा सुमारे १४७ किमी लांबीचा कच्चा रस्ता सुरू होतो. १९७० च्या दशकात तो कुयाबा व कोरुम्बा ही शहरे जोडण्यासाठी हाती घेण्यात आला; मात्र कुयाबा नदीकाठच्या पोर्तो जोफ्रे येथे येऊन थांबला आणि पुढे कधी गेला नाही. वाटेत शंभराहून अधिक पूल लागतात. ते पूर्वी सर्व लाकडी होते, आता काही काँक्रीटचे झाले आहेत. रस्त्याचा भराव उंच करण्यासाठी दोन्ही कडांची माती खणली गेली आणि त्या खड्ड्यांत पाणी साठू लागले. कोरड्या ऋतूत आसपासची तळी आटली की मासे, केमन, बगळे व करकोचे या खड्ड्यांत दाटीने गोळा होतात. अभियंत्यांच्या मनात नसलेला हा लाभ पर्यटकांच्या पदरात पडला आहे.

पोर्तो जोफ्रेजवळ नद्यांच्या संगमावर ‘एन्कोन्त्रो दास आग्वास’ हे राज्य उद्यान आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात नदीकाठी दिवसाढवळ्या जॅग्वार दिसण्याची शक्यता येथे जगात कोठेही नाही इतकी असते. केमनवर झेप घालण्यासाठी ते पाण्यात उतरतात. जॅग्वार दिसताच नावाडी एकमेकांना रेडिओवरून कळवतात आणि थोड्याच वेळात अनेक नावा एका प्राण्यासमोर उभ्या राहतात. या गर्दीविषयी अभ्यासकांनी वेळोवेळी चिंता व्यक्त केली आहे. यांत्रिक नावेचा खर्च मोठा असल्याने हा मार्ग स्वस्तातल्या प्रवाशांना सहसा परवडत नाही.

बॅकपॅकरांचा मार्ग दक्षिणेचा. काम्पो ग्रांदे शहरातून कोरुम्बाच्या रस्त्याने बसने निघून ‘बुराको दास पिरान्यास’ (पिरान्यांचे बीळ) या तिठ्यावर उतरायचे आणि तेथून ‘एस्त्रादा पार्के’ या मातीच्या रस्त्याने मिरांदा नदीवरील निवासांकडे जायचे, असा हा क्रम असतो. तीन-चार दिवसांच्या सहलीत झोपाळ्यात किंवा साध्या खोलीत मुक्काम, घोड्यावरून पाण्यातून रपेट, नावेतून फेरी, गळाने पिरान्या पकडणे आणि रात्री उघड्या मोटारीतून प्रकाशझोत टाकत प्राणी शोधणे यांचा समावेश होतो. केमनचे चमकणारे लालसर डोळे रात्रीच मोजता येतात. जॅग्वार येथे क्वचित दिसतो. मोठा मुंगीखाऊ, कॅपिबारा, दलदली हरीण व मकाव मात्र बहुधा निराश करीत नाहीत. अनेक जण पुढे बोनितो येथील स्वच्छ झऱ्यांच्या नद्या पाहतात किंवा कोरुम्बाहून सीमा ओलांडून बोलिव्हियातील पुएर्तो किहार्रोस जातात. तेथून सांता क्रूझला जाणारी, ‘मृत्यूची रेल्वे’ असे भयंकर नाव मिळालेली संथ आगगाडी बॅकपॅकरांच्या एका पिढीत प्रसिद्ध होती.

प्रमुख प्राणी

जॅग्वार हा अमेरिका खंडातील सर्वांत मोठा मार्जारवर्गीय प्राणी होय. पांतानालमधील जॅग्वार आकाराने विशेष मोठे असून नरांचे वजन १०० किलोच्या पुढे जाते. अंगावरील ठिपक्यांच्या नक्षीवरून प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता येतो. महाकाय पाणमांजरांच्या बाबतीत हेच काम गळ्यावरचा फिकट डाग करतो. हे पाणमांजर १.७ मीटरपर्यंत लांब असते व कुटुंब करून राहते. जाबिरू हा गळ्याला लाल पट्टा असलेला उंच करकोचा पांतानालचे प्रतीक मानला जातो. स्थानिक लोक त्याला ‘तुइउइउ’ म्हणतात.

निळा मकाव हा पोपटवर्गातील सर्वांत लांब पक्षी असून त्याची लांबी सुमारे एक मीटर असते. त्याचे जीवन थोड्या झाडांवर टांगलेले आहे. तो मुख्यतः दोन प्रकारच्या ताडांची कठीण फळे फोडून खातो आणि पांतानालमधील त्याची बहुतेक घरटी मांदुवी या एकाच जातीच्या झाडाच्या ढोलीत असतात. ढोली पुरेशी मोठी होण्यास झाड सुमारे ६० वर्षांचे व्हावे लागते. मांदुवीच्या बिया दूर पसरवण्याचे काम प्रामुख्याने टोको टूकान हा पक्षी करतो, आणि हाच टूकान मकावाची अंडीही खातो. टूकान नाहीसा झाला तर अंडी वाचतील, पण घरटी करण्यास झाडे उरणार नाहीत. पिंजऱ्यातील पक्ष्यांच्या व्यापारामुळे या मकावांची संख्या धोकादायकरीत्या घटली होती. जीवशास्त्रज्ञ नेइवा गेदेस यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने कृत्रिम ढोल्या बसवणे, घरट्यांवर देखरेख ठेवणे आणि मालकांना झाडे राखण्यास राजी करणे हे काम चिकाटीने केले.

गुरे आणि जॅग्वार

जॅग्वार वासरे मारतो, म्हणून गुराखी व मालक त्याला मारतात, हा जुना तंटा आहे. पर्यटनाने त्यात पैशाचा नवा हिशेब आणला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोर्तो जोफ्रे परिसरातील जॅग्वार-पर्यटनाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ६८ लाख अमेरिकी डॉलर, तर त्याच क्षेत्रात जॅग्वारांमुळे होऊ शकणारे गुरांचे नुकसान सुमारे १ लाख २१ हजार डॉलर असल्याचे मांडण्यात आले. हिशेब डोळे दिपवणारा आहे. तथापि उत्पन्न एकाच्या खिशात आणि नुकसान दुसऱ्याच्या, ही अडचण त्याने सुटत नाही. विजेचे कुंपण, वासरांना रात्री घराजवळ बांधणे आणि कळपात म्हशी मिसळणे हे उपाय म्हणून वापरले जातात. म्हशी जॅग्वारापुढे पळत नाहीत. मिरांदाजवळील एका फाझेंदावर २०११ पासून ‘ओन्साफारी’ ही संस्था जॅग्वारांना मोटारींची सवय लावून, गुरांच्या वाड्यातच पर्यटन चालवते.

प्राण्यांना आमिष घालणे मात्र बेकायदा आणि घातक ठरते. माणसाकडून खाद्य मिळते हे कळलेला जॅग्वार माणसाला बुजत नाही. एप्रिल २०२५ मध्ये मातो ग्रोसो दो सुलमधील एका मासेमारी निवासाच्या राखणदाराचा जॅग्वाराच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तेव्हा आमिषाचा हा प्रश्न ब्राझीलमध्ये पुन्हा चर्चेत आला.

वणवे

गवत पेटणे पांतानालला नवीन नाही. परंतु २०२० चे वणवे निराळे होते. आदल्या वर्षापासून पाऊस कमी पडला होता आणि पूर आलाच नाही. वाळलेल्या तळांतील कुजट वनस्पतींचा थर जमिनीखालून धुमसत राहिल्याने वर विझलेली आग पुन्हा दुसरीकडे फुटत असे. त्या वर्षी पाणथळीचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग जळाला. ‘एन्कोन्त्रो दास आग्वास’ उद्यानाचा तर ८० टक्क्यांहून जास्त. जळालेल्या भागात मृत प्राण्यांची गणती करून संशोधकांनी सुमारे १ कोटी ७० लाख पृष्ठवंशीय प्राणी आगीत थेट मेल्याचा अंदाज बांधला. त्यांत लहान साप व उंदीर यांचे प्रमाण मोठे होते, ज्यांची छायाचित्रे कोणी काढत नाही. पंजे भाजलेला ‘ओझादो’ (धाडसी) नावाचा जॅग्वार उपचारांनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच उद्यानात परत सोडण्यात आला.

२०२४ मध्ये वणवे नेहमीच्या हंगामाआधी, जूनमध्येच भडकले. ऑक्टोबरमध्ये लादारिओ येथील मापकावर पाराग्वाय नदीने, १९०० पासूनच्या नोंदींतील नीचांक गाठला. मातो ग्रोसो दो सुल राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये पांतानालसाठी स्वतंत्र कायदा करून तेथील सोयाबीन व उसाच्या नव्या लागवडीवर निर्बंध घातले आहेत. तथापि पाणथळीला पाणी पुरवणाऱ्या नद्या ज्या पठारावर उगम पावतात, तेथील जंगलतोड या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तिचे फळ ताकारी नदीवर दिसते: १९७० च्या दशकापासून पठारावरून वाहून आलेल्या गाळाने तिचे पात्र भरले, काठ फुटले आणि हजारो चौरस किलोमीटर कुरणे कायमची पाण्याखाली गेली. पाराग्वाय नदीचे पात्र खोल व सरळ करून मालवाहू जलमार्ग बनवण्याच्या योजनेलाही पर्यावरणवाद्यांचा विरोध आहे, कारण पाणी वेगाने निघून गेले तर मैदानावर पूर पसरणार नाही.

प्रवासाविषयी

प्राणी पाहण्यास मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सोयीचा. जून-जुलैत दक्षिणेकडील थंड वाऱ्यांमुळे तापमान एकाएकी १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ शकते, हे उष्ण प्रदेशाच्या समजुतीने आलेल्यांना ठाऊक नसते. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते. ब्राझीलमधून परतणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचे प्रमाणपत्र नसल्यास भारतीय विमानतळावरून त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.