टाइमस्टॅम्पमधील ऑफसेट

टाइमस्टॅम्पमधील ऑफसेट : डेटाबेसमध्ये नोंदवलेल्या तारीखवेळेच्या शेवटी येणारा, स्थानिक घड्याळ जागतिक समन्वित वेळेच्या म्हणजे यूटीसीच्या किती पुढे वा मागे आहे हे सांगणारा तास-मिनिटांचा आकडा. भारतीय प्रमाणवेळेसाठी तो +०५:३० आणि नेपाळसाठी +०५:४५ असतो. वेळ यूटीसीतच दिलेली असल्यास त्याऐवजी झेड हे रोमन अक्षर लिहिण्याची पद्धत आहे. मजकुराच्या रूपातील टाइमस्टॅम्प वाचून त्यावरून नेमका क्षण ठरवण्याच्या क्रियेला पार्सिंग म्हणतात. या क्रियेत ऑफसेट गळाला, मनाने गृहीत धरला गेला किंवा दोनदा लागू झाला, तर नोंद वरकरणी निर्दोष दिसते, पण काही तासांनी सरकलेली असते. वाचताच न आल्यामुळे कार्यक्रम थांबला तर चूक निदान लक्षात येते. निमूटपणे सरकलेली वेळ मात्र हिशेबात मुरते आणि म्हणून ती अधिक घातक ठरते.

ऑफसेट नसलेली वेळ हे केवळ कुठल्या तरी घड्याळाचे वाचन असते. त्यावरून क्षण निश्चित होत नाही. ‘२०२४-०४-०१ ०२:१५:००+०५:३०’ ही नोंद यूटीसीत ३१ मार्च २०२४ रोजी २०:४५ वाजताची आहे, त्यामुळे यूटीसीतील तारखेनुसार बेरीज करणारा अहवाल हा व्यवहार मागील आर्थिक वर्षात टाकतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या प्रत्येक भारतीय नोंदीला हा धोका असतो, आणि म्हणून आधी भारतीय वेळेत रूपांतर व मगच तारीख वेगळी काढणे हा क्रम पाळावा लागतो.

डेटाबेस प्रणालींची वागणूक एकसारखी नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ या प्रकाराचे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण त्यात टाइम झोन साठवला जातच नाही. ऑफसेट वाचून वेळ यूटीसीत बदलली जाते, मूळ ऑफसेट टाकून दिला जातो आणि परत दाखवताना चालू सेशनचा टाइम झोन वापरला जातो. ‘विदाउट टाइम झोन’ या जोडप्रकारात ‘+०५:३०’ लिहून दिले तरी तो भाग कोणतीही सूचना न देता दुर्लक्षिला जातो. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प सेशनच्या वेळेवरून यूटीसीत रूपांतर करतो, तर डेटटाइम दिलेले आकडे तसेच ठेवतो; ऑफसेटसह लिहिलेली वेळ या प्रणालीला ८.०.१९ या आवृत्तीपासून समजू लागली. एसक्यूएल सर्व्हरच्या २००८च्या आवृत्तीत आलेला डेटटाइमऑफसेट हा प्रकार ऑफसेटही जपतो. एसक्यूलाइटमध्ये वेळेसाठी स्वतंत्र प्रकारच नाही, आणि मजकूर म्हणून साठवलेल्या वेळा अक्षरक्रमाने लावल्या जातात. त्यामुळे एकाच तारखेची ‘१०:००+०५:३०’ ही वेळ ‘०६:००+००:००’ या वेळेच्या आधीची असूनही तिच्या नंतर येते.

लेखनाच्या संकेतांसाठी आयएसओ ८६०१ हे १९८८ मधील मानक आणि इंटरनेटसाठी त्याला अधिक काटेकोर करणारे २००२ मधील आरएफसी ३३३९ आधारभूत मानले जातात, तरीही पार्सर आणि डेटाबेस यांचे नेहमी जुळतेच असे नाही. यूटीसी सेशनमध्ये पोस्टग्रेएसक्यूएल ‘+००’ एवढेच लिहितो. पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातील फ्रॉमआयएसओफॉरमॅट ही क्रिया ३.११ या आवृत्तीपूर्वी असा मिनिटांविना ऑफसेट किंवा झेड स्वीकारत नसे. वेबपत्त्यातून पाठवलेल्या वेळेतील अधिकचिन्ह सांकेतिक रूपात न बदलल्यास ते पलीकडे रिकामी जागा म्हणून पोहोचते. अधिकचिन्हाचा अर्थही सर्वत्र एक नाही : पॉझिक्स संकेतात अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेस, त्यामुळे पोस्टग्रेएसक्यूएलच्या सेशनला ‘यूटीसी+५:३०’ असा टाइम झोन दिल्यास घड्याळ साडेपाच तास पुढे जाण्याऐवजी मागे जाते. संक्षेपांचा भरवसा त्याहून कमी आहे, कारण आयएसटी हे भारतीय, इस्रायली आणि आयरिश अशा तिन्ही वेळांचे नाव आहे, आणि पोस्टग्रेएसक्यूएलच्या मूळ संक्षेपयादीत त्याचा अर्थ इस्रायलची प्रमाणवेळ असा दिलेला आहे.

ऑफसेट आणि टाइम झोन या भिन्न गोष्टी आहेत. ऑफसेट एका क्षणापुरता खरा असतो; टाइम झोन म्हणजे एखाद्या प्रदेशाच्या ऑफसेटचा सगळा इतिहास आणि पुढचे ज्ञात नियम. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ संपून घड्याळे मागे घेतली गेली तेव्हा रात्रीचे दीड दोनदा वाजले, एकदा −०४:०० आणि एकदा −०५:०० ऑफसेटने. अशा नोंदीत केवळ प्रदेशाचे नाव अपुरे पडते आणि ऑफसेटच निवाडा करतो. उलट पुढील वर्षीच्या बैठकीची वेळ साठवताना ऑफसेट अपुरा असतो, कारण दरम्यान सरकार नियम बदलू शकते. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळून आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा आधी ठरलेले ऑफसेट निरुपयोगी झाले.

हे नियम टीझेड डेटाबेस या सार्वजनिक संग्रहात राखले जातात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी त्याची सुरुवात केली आणि २०११ पासून तो आयएएनए या संस्थेकडे आहे. त्यात संपूर्ण भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे, आणि जुन्या मुंबईच्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांसाठी हीच अडचण मोठी आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असणारी ‘बॉम्बे टाइम’ सुमारे १९५५ पर्यंत वापरात राहिली; ती या संग्रहात नाही. त्यामुळे १९३० मधील मुंबईची सकाळी दहाची नोंद या वेळेत असेल, तर ती खरे पाहता यूटीसी ०५:०९ असते, पण ‘एशिया/कोलकाता’ वापरल्यास ०४:३० ठरते, म्हणजे ३९ मिनिटांची चूक होते. अशा नोंदींना +०४:५१ हा ऑफसेट स्पष्टपणे द्यावा लागतो, आणि पोस्टग्रेएसक्यूएलसारखी प्रणाली तो टाकून देत असल्याने मूळ लिखित वेळ व ऑफसेट यांसाठी वेगळे स्तंभ राखावे लागतात.