कोल्हापूर इलाख्याची शिपाईगिरी व पुणें लष्करांतील सेंट व्हिन्सेंट हायस्कूल

शाहूवाडी पेट्याचें नांव काढिलें म्हणजे इतिहासाभ्यासकाच्या डोळ्यांपुढें विशाळगड व पावनखिंड उभी राहते. इ. स. १६६० च्या जुलै महिन्यांत बाजी प्रभु देशपांडे व त्यांचे सोबती ह्याच डोंगरवाटेवर पडले. पुढें दीर्घ काळपर्यंत ह्या मुलखांतील गडकऱ्यांस किल्ल्याची राखण ही वंशपरंपरेची चाकरी होती. इ. स. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानें ती संपली. बंड मोडल्यावर इंग्रजांनीं विशाळगडाची तटबंदी पाडिली व तेथील पंत प्रतिनिधींचें ठाणें मलकापुरास आलें. ह्या बंडाचे कागद अभ्यासकांनीं चाळले आहेत; परंतु गड गेल्यावर ह्या इलाख्यांतून पुन्हां सेनानायक केव्हां व कोणत्या वाटेनें निघाले, हाहि प्रश्न तितकाच विचारार्ह आहे. त्या वाटेवरील एक टप्पा पुणें लष्करांतील एका कॅथॉलिक शाळेंत सांपडतो. त्याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम अडचण कोठें होती तें पाहूं. इंग्रजी अमलांत मराठा पलटणींत शिपाई म्हणून भरती होण्यास आडकाठी नव्हती. पण सुभेदार-मेजराच्या वर हिंदी मनुष्य जात नसे. तीस वर्षें नोकरी केलेला सुभेदारहि नुकत्याच आलेल्या इंग्रज लेफ्टनंटाच्या हाताखालीं राही. इ. स. १९१७ त राजाच्या सनदेचे अधिकारी होण्याची वाट हिंदी लोकांस खुली झाली आणि इ. स. १९१८ पासून सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयांत दरसाल दहा जागा त्यांच्याकरितां ठेवण्यांत आल्या. परंतु दार उघडलें तरी उंबरठा उंच होता. इ. स. १९२५ त नेमलेल्या स्कीन समितीसहि योग्य उमेदवार थोडे मिळतात हें मान्य करावें लागलें, व त्याचें एक कारण तिनें शालेय शिक्षणाच्या उणीवेंत शोधिलें. तात्पर्य, तलवारीपेक्षां इंग्रजी भाषा व इंग्रजी रीतिरिवाज हींच त्या दाराची किल्ली होती.

आतां पुण्याकडे वळूं. तेथील कॅथॉलिक वस्ती व फौज ह्यांचा संबंध इंग्रजांच्या आधींचा आहे. पेशव्यांच्या चाकरींत गोव्याकडील कॅथॉलिक लोक होते. दों मिगेल द नोरोन्या हे त्यांच्यांतील एक सरदार. त्यांच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनीं इ. स. १७९२ च्या सुमारास देवळाकरितां जागा दिली. सिटी चर्च तें हेंच. पुढें लष्कराची छावणी वसल्यावर आयरिश पलटणी आल्या, व त्यांच्या वर्गणीच्या मदतीनें इ. स. १८५० त सेंट पॅट्रिकचें देऊळ उभें राहिलें. अशा ह्या लष्करी वस्तींत येशूसंघाच्या पाद्र्यांनीं इ. स. १८६७ त सेंट व्हिन्सेंट हायस्कूल ही मुलांची शाळा काढिली.

येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला हा मूळचा शिपाई. इ. स. १५२१ त पांप्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला, आणि आजारांतच त्याचें मन पालटलें. संघाची शिक्षणपद्धति इ. स. १५९९ त ठरली. तींत वर्गाचे रोम व कार्थेज असे दोन पक्ष करीत, आणि दहा दहा मुलांवर मुलांतूनच एक नायक नेमीत. वरच्याची आज्ञा पाळणें व बरोबरीच्यांचें पुढारीपण करणें ह्या दोन्ही गोष्टी मुलगा वर्गांतच शिके. मुंबई-पुणें मिशनचे पाद्री त्या काळीं बहुतेक जर्मन होते. इ. स. १९१४ चें महायुद्ध सुरू होतांच त्यांस शत्रुराष्ट्रीय ठरवून कित्येकांस अटकेंत ठेविलें व पुढें बहुतेकांस मायदेशीं पाठविलें. ज्या छावणीच्या मुलांस त्यांनीं शिकविलें त्याच छावणीच्या सरकारनें त्यांस बाहेर काढावें, हा प्रसंग ह्या परंपरेच्या इतिहासांत विसरण्याजोगा नाहीं.

ह्याच शाळेंत कोल्हापूर इलाख्यांतील शंकरराव पांडुरंग पाटील थोरात शिकले. त्यांचा जन्म ता. १२ ऑगस्ट १९०६ रोजीं वडगांव येथें झाला. वडील डॉ. पां. चि. पाटील हे नामांकित कृषिशास्त्रज्ञ. त्यांची नोकरी पुण्याच्या शेतकी कॉलेजांत होती. थोरात सँडहर्स्टहून इ. स. १९२६ त सनद घेऊन निघाले. इ. स. १९४५ च्या जानेवारींत आराकानांतील कांगाव येथें एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणी तीन हिंदी अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालीं लढल्या: थोरात, थिमय्या व सेन. पैकीं थिमय्याहि लहानपणीं कुन्नूरच्या कॅथॉलिक शाळेंत होते. इ. स. १९५३ त कोरियांत युद्धकैद्यांच्या राखणीस गेलेल्या हिंदी फौजेचें आधिपत्य थोरातांकडे आलें. कैद्यांनीं एका हिंदी मेजरास पकडून ठेविलें असतां थोरात स्वतः त्या जमावांत गेले व बंदूक न चालवितां त्यास सोडवून आणिलें. पुढें पूर्व विभागाचे सेनापति असतां इ. स. १९५९-६० त चीनकडील धोक्याचा इशारा त्यांनीं वरिष्ठांस दिला होता. इ. स. १९६१ त ते निवृत्त झाले व इ. स. १९९२ त वारले.

ह्यावरून शाळेनेंच सेनापति घडविला असें अनुमान काढणें मात्र धाडसाचें होईल. मुलांस सैन्याकरितां तयार करणें हा ज्यांचा उघड हेतु, त्या संस्था निराळ्या: पुण्याची श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल (इ. स. १९३२) व नाशिकची भोंसला मिलिटरी स्कूल (इ. स. १९३७). सेंट व्हिन्सेंटनें दिली ती किल्ली. पण ती कोणास मिळाली? ज्याचा बाप पुण्यांत सरकारी हुद्द्यावर होता त्याच्या मुलास. मलकापूर-आंब्याकडील शेतकऱ्याचा मुलगा त्याच काळांत शिपाई म्हणूनच भरती झाला. शौर्यांत उणें नव्हतें. अंतर शाळेचें होतें. तें मोडण्याचा सरकारी यत्न म्हणजे इ. स. १९६१ त साताऱ्यास निघालेली सैनिक शाळा. पावनखिंडीच्या मुलखाचा उत्तरकालीन इतिहास लिहितांना ही गोष्ट नजरेआड करतां येणार नाहीं.

थोरातांनीं व त्यांच्या वडिलांनीं आत्मचरित्रें लिहून ठेविलीं, हें आपलें भाग्य. परंतु इतरांचें काय? जुने शाळा सोडल्याचे दाखले, बक्षिसाचीं पुस्तकें, वर्गाचे फोटो, मुलांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें, पलटणीचीं बुकें हीं आजहि कित्येकांच्या पेट्यांत पडलीं असतील. मोडी रुमालास जो मान आपण देतों तोच ह्यांस देणें अवश्य आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या, एवढीच आमची विनंति आहे. वतनाचा कागद कसरीनें खाल्ला तर एका घराण्याचा हक्क जातो. हे कागद गेले तर साऱ्या मुलखाची एक पिढी मुकी होईल.