लूटी

‘घरांत एखादें कुत्रें पाळावें म्हणतों, लहानशी जात कोणती घ्यावी?’ असा प्रश्न शहरांतील बिऱ्हाडांतून वारंवार ऐकूं येतो. जागा थोडी, जिना अरुंद. तेव्हां सोबती आटोपशीर असावा ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु कुत्र्याचें हें लहानपण माणसानें पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडविलेलें असतें. ती निवड कोणत्या हौसेनें झाली हें ज्यास ठाऊक नाहीं, तो केवळ रूप पाहून फसतो. एकाच जातीची, पेकिनीजची, हकीकत सांगतों.

चिनी बादशहांच्या आश्रयानें ही जात वाढली. १८६० च्या ऑक्टोबरांत इंग्रज व फ्रेंच फौजा पेकिंगला जाऊन भिडल्या. शहराबाहेरील युआन-मिंग-युआन हा बादशहाचा उद्यान-महाल त्यांनीं आधीं लुटला आणि १८ तारखेस लॉर्ड एल्जिन ह्यांच्या हुकुमानें त्यास आग लावली. (हेच एल्जिन १८६२ त हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले.) त्या लुटींत पांच लहान कुत्रीं गोऱ्या अंमलदारांच्या हातीं लागलीं. कांहीं गुडवूडच्या सरदार घराण्यांत गेलीं व तेथें त्यांची पैदास झाली. एक मात्र कॅप्टन डन ह्यांनीं १८६१ त व्हिक्टोरिया राणीस नजर केली. तिचें नांव ठेवण्यांत आलें ‘लूटी’! ह्या नांवाचा अर्थ मराठी श्रोत्यांस सांगावयास नकोच. इंग्रजांनीं तो शब्दही हिंदुस्थानांतूनच उचललेला. लुटीच्या मालास राजवाड्यांत इतक्या मोकळ्या मनानें त्याच नांवानें हांक मारीत, ह्यास भाबडेपणा म्हणावें कीं निगरगट्टपणा, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. बिचारी १८७२ त वारली.

काइल ह्या चित्रकारानें १८६१ तच काढलेलें तिचें चित्र राजसंग्रहांत आहे. तें जरूर पाहावें. आजच्या प्रदर्शनांतील पेकिनीजइतकें तिचें तोंड बसकें दिसत नाहीं. मधल्या काळांत प्रदर्शनें भरूं लागलीं, बक्षिसें आलीं, आणि चपटें तेंच सुंदर अशी समजूत दृढ झाली. नाक आंत गेलें, तरी टाळूचें मांस त्या मानानें कमी झालें नाहीं. श्वासाची वाट मात्र कोंदली. २००८ त बीबीसीनें जातिवंत कुत्र्यांच्या व्याधी एका बोलपटांतून दाखविल्या, तेव्हां इंग्लंडांत गवगवा झाला. त्याच वर्षीं तेथील केनेल क्लबनें ह्या जातीचे नियम बदलले व मुस्कट स्पष्ट दिसलें पाहिजे अशी अट घातली.

कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम सुटत नाहीं. धापा टाकूनच तें अंग निववितें. मग मुंबईच्या वैशाखांत, तिसऱ्या मजल्यावर, दाट केसांच्या नि कोंदल्या नाकाच्या ह्या जिवाचे काय हाल होत असतील? पिलूं पाहावयास जाल तेव्हां त्याच्या आईस अंगणांत दोन फेऱ्या मारावयास लावा, आणि तिचा श्वास कान देऊन ऐका. घुरघुर ऐकूं आली, तर रिकाम्या हातानें परत या.