फुटक्या बादलीपासून ब्राझीलपर्यंत

आज आम्ही आपल्या विदर्भातल्या फुटबॉलची गोष्ट सांगणार आहोत.

विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. भर पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी पोरांच्या पायाशी चेंडू दिला. २००१ मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं. तीच आजची ‘स्लम सॉकर’ संस्था. ‘झुंड’ सिनेमा याच कामावर निघाला.

बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा २००३ पासून भरते. तिचा नियम असा, की खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. २०१० मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात भारताचा कप्तान होता नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल. एकेकाळी तो गुन्हेगारीत अडकला होता.

आफ्रिकेतल्या सेनेगलचा सादिओ माने बांबाली नावाच्या खेड्यातला. तो युरोपात वर्षानुवर्षं खेळला आणि त्या कमाईतून त्यानं गावाला दवाखाना दिला. आपल्या पोरांना परदेश एकदाच. मग पुढं काय? अखिलेश परत आला, प्रशिक्षक झाला आणि वस्तीतल्या पोरांना शिकवू लागला. २०१६ मध्ये फिफानं स्लम सॉकरचा गौरव केला.

तिथं मुलीही खेळतात. आपल्याकडं मात्र पोरगी मैदानावर निघाली की “पाणी कोण भरणार?” असं आपणच विचारतो. येत्या महिला सभेत मैदानाचा विषय मांडूया, आणि पोरींसाठी रोजचा एक तास मोकळा ठेवूया.