गांजाच्या कायदेशीर मान्यतेचा वाद (बुलढाणा जिल्हा)

गांजाच्या कायदेशीर मान्यतेचा वाद, बुलढाणा जिल्ह्यातील : मौजेखातर किंवा सवयीने घेतल्या जाणाऱ्या अमली पदार्थांवरची बंदी उठवावी, सैल करावी की आहे तशीच ठेवावी, या प्रश्नावरचा वाद. जगात तो कोकेन, हेरॉइन, एलएसडी यांच्यापर्यंत जातो. बुलढाण्यात तो जवळजवळ सगळा गांजाभोवती फिरतो, कारण गांजा इथल्या जमिनीत येतो आणि चिलीम इथल्या लोकस्मृतीत आहे. मुंबई-पुण्यात हा प्रश्न ओढणाऱ्याचा म्हणून मांडला जातो. तुरी-पराटीच्या (पराटी म्हणजे कपाशी) या जिल्ह्यात तो आधी पेरणाऱ्याचा आहे, म्हणून या नोंदीत त्यालाच अधिक जागा दिली आहे.

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच झाडाचे. पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो आणि राळेपासून चरस होतो. अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा, म्हणजे बोलण्यातला एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. त्याने गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत घेतले; फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बी मात्र बाहेर ठेवले. महाशिवरात्रीची आणि होळीची भांग त्यामुळे केंद्रीय कायद्यातून सुटली. महाराष्ट्रात तिच्यावर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे आणि विक्रीला परवाना लागतो. या वेगळ्या वागणुकीचे मूळ १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवली गेली आणि भारतासारख्या देशांना जुनी सवय बंद करण्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळाली. गांजाला मान्यता द्या म्हणणारे या व्याख्येवर बोट ठेवतात : एकाच झाडाचे पान प्रसाद आणि फूल गुन्हा कसे? याला उत्तर आहे. नशा आणणारे द्रव्य फुलोऱ्यात कितीतरी जास्त असते, म्हणून दोन्हींत फरक करणे अगदीच निराधार नाही. पण त्या फरकावरून शिक्षेत इतकी मोठी तफावत पडावी का, हा प्रश्न उरतोच.

बुलढाणा ज्यात येतो त्या वऱ्हाडाला हा वाद नवा नाही. मद्यपानविरोधी चळवळीतले ब्रिटिश खासदार विल्यम केन यांनी मार्च १८९३ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न लावून धरला आणि जुलैत भारत सरकारने चौकशी आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते; सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. अधिकारी, वैद्य, शेतकरी, मिशनरी, साधू असे सगळे बोलले. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांनी ताब्यात घेतलेला प्रांत होता. इथल्या साक्षी मुंबई आणि सिंधबरोबर एकाच खंडात छापल्या आहेत. मध्य प्रांतात गांजाची लागवड निमाडातल्या खंडवा तालुक्यापुरती बांधून दिली होती आणि पीक खंडव्याच्या सरकारी कोठारात जमा व्हायचे. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरहून उत्तरेला पाहिले तर सातपुड्याच्या पलीकडे तेच निमाड. म्हणजे ज्या मुलखात सरकार स्वतः गांजा साठवून कर घेत होते, तो बुलढाण्याच्या शेजारी होता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारात आल्यावर दोन्हींचा राज्यकारभारही एक झाला.

आयोगाचे १८९४चे निष्कर्ष आजही दोन्ही बाजू वापरतात. बेताने घेतलेल्या गांजा-भांगेने मोठे नुकसान होत नाही, अतिरेकाने होते, आणि संपूर्ण बंदी गरजेचीही नाही, शहाणपणाचीही नाही, असे आयोगाने म्हटले. लागवडीवर ताबा, परवाने आणि कर हा त्याचा मार्ग होता. अहवालातला सर्वांत मोलाचा भाग मला वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा वाटतो. गांजाने वेड लागते हे सांगणारा मुख्य पुरावा म्हणजे तिथल्या नोंदवह्या. आयोगाने त्या तपासल्या तेव्हा दिसले, की रोग्याला आणताना पोलिसांच्या कागदावर लिहिलेले कारणच पुढे वहीत उतरवले जात होते. रोगी गांजा ओढायचा एवढे कळले, की कारणाचा रकाना भरला. आज या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा भाग वाचायला हवा. मात्र त्यावरून गांजा निर्धोक ठरत नाही. कमी वयात सुरुवात करणाऱ्यांत आणि तीव्र माल ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे पुढच्या संशोधनाने दाखवले आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गांजापेक्षा आजचा माल कितीतरी कडक आहे.

जिल्ह्यात चिलमीची ओळख पोथीतूनही होते. शेगावचे श्री गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रकट झाले, असे भाविक मानतात. त्यांच्या चित्रांत चिलीम दिसते आणि दासगणूंच्या एकवीस अध्यायांच्या ‘श्रीगजानन विजय’मध्ये चिलमीचे प्रसंग आहेत. काशीहून आलेल्या गोसाव्याने नवसाची बुटी, म्हणजे गांजा, आणल्याची कथा पारायण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वादात हा दाखला अधूनमधून काढला जातो, आणि तो चुकीच्या हेतूने काढला जातो. पोथीतला आशय महाराजांच्या अलिप्ततेचा आहे. पारायणाला बसणारी बहुसंख्य घरे माळकरी, निर्व्यसनी आहेत. त्यांनी चिलमीची मुभा कधी मागितलेली नाही. श्रद्धेचा विषय कायद्याच्या वादात ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शेत. जिल्ह्यातला नेहमीचा गुन्हा असा असतो : तुरीचे उभे वावर, माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली तूर, तिच्या आत किंवा पराटीच्या ओळींत मधूनमधून लावलेली गांजाची झाडे. पावसाळ्याअखेर फुलोरा धरतो तेव्हा वास लपत नाही. खबर जाते, पोलीस येतात, पंच बोलावले जातात. झाडे मुळासकट उपटतात. मुळांना काळी माती चिकटलेली असते, खोडे जाड असतात, पाने ओली असतात. पेंढ्या बांधून ती काट्यावर चढतात आणि पंचनाम्यात एक आकडा लिहिला जातो. त्या आकड्यावर शेतकऱ्याची पुढची वर्षे ठरतात. गांजाचे एक किलोपर्यंतचे प्रमाण कायद्याने अल्प आणि वीस किलोंच्या वरचे व्यापारी मानले आहे. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. शिवाय व्यापारी प्रमाण लागले की कलम ३७ आडवे येते : आरोपी निर्दोष असल्याचे मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही.

पण व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे फुलोरा. मूळ, खोड, माती गांजा नाही. फुलोऱ्यापासून वेगळी असलेली पाने आणि बीही नाही. ओले झाड सुकले की त्याचे वजन फार उतरते. मग काट्यावर जे चढले, त्यातला गांजा किती? हा वकिली कीस नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात नेमका हाच मुद्दा धरला, फुलोरा वेगळा न काढता केलेल्या वजनावर प्रश्न उपस्थित केला आणि जामीन दिला. लागवडीसाठी वेगळे कलम आहेच आणि त्यात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; त्यामुळे योग्य वजन केले तर लावणारा सुटून जाईल, ही भीती खोटी आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात गांजा खुला करावा की नाही, याआधी तो नीट मोजावा, ही मागणी कुठल्याही बाजूच्या माणसाला मान्य व्हायला हरकत नसावी.

गावालाही कायदा मोकळे सोडत नाही. बेकायदा लागवड कळली तर जमीनधारकाने ती कळवलीच पाहिजे. पंच, सरपंच, गावकामगार यांच्यावरही तीच जबाबदारी आहे. पोलीस पाटलाचे घर आणि आरोपीचे घर एकाच गल्लीत असते तेव्हा हे कलम पाळणे किती जड जाते, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

शेतकरी हे का करतो? भाव हे उत्तर अपुरे आहे, पण ते टाळताही येत नाही. २००६च्या पंतप्रधान पॅकेजात आत्महत्याग्रस्त म्हणून घेतलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. कापूस, सोयाबीन, तूर यांचा भाव आणि पाऊस दोन्ही हातात नसलेल्या कोरडवाहू माणसाला मधली चार झाडे विमा वाटतात. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये हीच गोष्ट उघडपणे केली : कुठल्याच पिकाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या, असा अर्ज त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. तो प्रसिद्धीचा प्रकार मानून सोडून दिला गेला. मला तो निवेदनाचा अस्सल नमुना वाटतो. मात्र गांजा वैध झाला तर कोरडवाहू शेतकरी तरेल, ही आशा भाबडी आहे. उत्तराखंडाने परवानगी दिली ती नशा नसलेल्या औद्योगिक भांग-तागाला. हिमाचल प्रदेशानेही औषधी आणि औद्योगिक वापरापुरता प्रायोगिक मार्ग धरला. केंद्रीय कायद्याच्या कलम १४ मध्ये धागा आणि बियाण्यासाठी अशी सूट पहिल्यापासून आहे. मौजेच्या गांजाला जिथे बाजार खुला झाला, तिथे बंदिस्त शेडमधल्या भांडवली कंपन्या पुढे गेल्या. दोन एकरवाल्याच्या वाट्याला काय येते, हे कापसाने आपल्याला शिकवले आहे.

मान्यतेच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा तुरुंगाचा आहे. नुसता गांजा ओढणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी आणि दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले. देशी दारूचे दुकान सरकारी परवान्याने उघडे आणि चिलीमवाला कोठडीत, ही विसंगती डोळ्यांत भरते. २०१६-१७ मध्ये पतियाळाचे तत्कालीन खासदार धर्मवीर गांधी यांनी लोकसभेत खासगी विधेयकाची तयारी केली, तीही सौम्य नशा वेगळी काढण्यासाठीच.

विरोधातला भक्कम मुद्दाही दारूचाच आहे, आणि तो बायकांचा आहे. गावात दारूचे दुकान उठवण्यासाठी मतदान होते. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. ज्या बाईने नवऱ्याच्या मजुरीचे पैसे दुकानात जाताना पाहिले, तिला आणखी एक परवानाधारक दुकान नको आहे. तिचे म्हणणे सनातनी ठरवून बाजूला सारणे हा शहरी अहंकार आहे. विदर्भातच बंदीचे दोन धडे आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि डॉ. अभय बंग यांनी लोकसहभागातून ती टिकवण्याचा आग्रह धरला. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. बुलढाण्याला सर्वांत जवळचा धडा मात्र गुटख्याचा. तो राज्यात जुलै २०१२ पासून बंद आहे आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरून येणारा माल मलकापूर-खामगाव पट्ट्यात आजही पकडला जातो.

परदेशांचे दाखले जपून घ्यावेत. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा केला, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री खुली केली, जर्मनीने एप्रिल २०२४ पासून मर्यादित बाळगणे मान्य केले. थायलंडने २०२२ मध्ये बंदी उठवली आणि तीन वर्षांत पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. अमेरिकेतल्या ओरेगनने सर्वच अमली पदार्थ बाळगण्याची शिक्षा २०२० मध्ये काढली आणि २०२४ मध्ये परत आणली; उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही, हे त्याचे एक मोठे कारण होते. पोर्तुगालने २००१ मध्ये विक्री गुन्हाच ठेवली, पण घेणाऱ्याला तुरुंगाऐवजी समितीपुढे आणि उपचाराकडे पाठवले. मला बुलढाण्यासाठी हा शेवटचा मार्गच योग्य वाटतो : विक्रीची दुकाने नकोत, आणि ओढणाऱ्याला कोठडीही नको.

त्यासाठीची वाट कायद्यात आहे. कलम ६४-अ प्रमाणे स्वतः घेण्यापुरता किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वखुशीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. महाराष्ट्रात उपचाराची परंपराही आहे. गर्द म्हणजे ब्राउन शुगरच्या साथीत डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हा गर्दुल्ल्याला माणूस म्हणून वागवण्याची रीत मराठी समाजाने पाहिली. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातला एखादा पोरगा पकडला जातो, तेव्हा पोलीस ठाण्यात त्याच्या बापाला जामीनदार आणि सातबारा विचारला जातो. उपचाराचा अर्ज करता येतो, हे त्याला सांगणारा तिथे क्वचितच कोणी असतो.