थर अनिश्चित

लोकांना वाटतं, उत्खनन म्हणजे काहीतरी सापडणं. मलाही तसंच वाटायचं. मग काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात इटलीत, सिएनाच्या दक्षिणेला मुर्लो गावाजवळच्या पोज्जो चिविताते नावाच्या टेकडीवर काम करायची संधी मिळाली. तिथल्या एका दिवसाने माझा हा समज पार खोडून काढला.

आधी ही टेकडी कुणाची ते सांगतो. रोम मोठं होण्याआधी मध्य इटलीत एट्रुस्कन लोकांची भरभराट होती. त्यांचे ग्रंथ जवळजवळ सगळे नष्ट झाले. रोमन सम्राट क्लॉडियसने त्यांचा २० खंडांचा इतिहास लिहिला होता, तोही हरवला. लिननच्या कापडावरचं एक पुस्तक तेवढं बरंचसं उरलं, तेही इजिप्तमध्ये त्याच्या पट्ट्या फाडून ममीला गुंडाळल्या म्हणून! छोटे छोटे कोरीव लेख पुष्कळ आहेत. त्यांतली अक्षरं वाचता येतात, भाषा मात्र अर्धीमुर्धीच कळते. म्हणजे ह्या लोकांबद्दल विचारायचं ते बरंचसं मातीलाच.

ह्या टेकडीवर १९६६ साली काइल फिलिप्स यांनी खणायला सुरुवात केली. इ.स.पूर्व सातव्या शतकात इथे मोठ्या इमारती होत्या, कारागिरांची लांबलचक शेड होती. शतक संपता संपता सगळं आगीत गेलं. वाळत घातलेल्या कच्च्या कौलांवरून माणसं जीव घेऊन पळाली, त्यांच्या पावलांचे ठसे त्या कौलांवर सापडले आहेत. पुढे तिथेच सुमारे ६० मीटर बाजूची नवी इमारत उभी राहिली. तिच्या छपरावर रुंद काठाची टोपी घातलेले मातीचे पुतळे होते. सहाव्या शतकात तीही मुद्दाम पाडली गेली. का, ह्यावर अजून वाद आहेत.

तर तो दिवस. सुतळीने आखलेल्या चौकोनात गुडघ्यांवर बसून थापीने माती तासायची. माती घमेल्यात, घमेलं चाळणीवर. खापरं, हाडं, कौलांचे तुकडे पिशवीत, आणि प्रत्येक थराची पिशवी वेगळी. मातीचा रंग बदलला की हात थांबवायचा. मोजायचं, फोटो काढायचा, वहीत लिहायचं, मगच पुढे. वाकड्या कौलांचे तुकडे तर इतके निघत, की आजोळच्या घरावरची नळीची कौलं आठवत.

अकराच्या सुमारास पिवळसर माती काळपट होऊ लागली. कोळशाचे कण दिसले. मी थांबायला हवं होतं. पण नेमकी तिथेच एक काळी, चकचकीत कड डोकावली. बुकेरो! एट्रुस्कनांची ती प्रसिद्ध काळी भांडी. थापी खुपसली, बोटांनी हलवलं आणि वाडग्याचा तळहाताएवढा तुकडा बाहेर काढून सगळ्यांना हाका मारल्या.

आमच्या ट्रेंचची प्रमुख आली. तुकड्याकडे तिने बघितलंही नाही.

"कुठे होता? जळक्या थराच्या वर, की आत?"

मी खड्ड्याकडे बघितलं. जिथे तो होता तिथे आता माझ्याच बोटांनी उकरलेलं भोक होतं, पिवळी आणि काळी माती एकत्र झालेली. मला सांगता येईना.

ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. पिशवीवर लिहायला सांगितलं, "थर अनिश्चित." तुकडा बुकेरोचाच राहिला. पण तो आगीत सापडलेल्या माणसांच्या घरातला, की त्यानंतर पडलेल्या मातीतून आलेला, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. अडीच हजार वर्षांहून जास्त काळ मातीने ते नीट सांभाळलं होतं, मी अर्ध्या मिनिटात पुसून टाकलं.

उरलेला दिवस मी मुकाट्याने माती तासली. संध्याकाळी ट्रेंच झाडून, प्लॅस्टिकने झाकून खाली उतरलो.

आपण जे खणतो ते परत खणता येत नाही. चांगलं खणलं तरी तो थर नाहीसाच होतो, मागे उरते ती वही. ज्या लोकांचे स्वतःचे शब्द इतके थोडे राहिलेत, त्यांच्या बाबतीत तर ही चूक दुप्पट महाग.

असो. तेव्हापासून संग्रहालयात गेलो की मी आधी वस्तूखालची पाटी वाचतो. कुठे सापडली, कशाबरोबर सापडली. तिथे काहीच लिहिलेलं नसलं, की ती पिशवी आठवते.